जुबैलमधलं धुणं

ग्राफाइट कुणाशी बोलत नाही.
पाण्यात टाका, वर तरंगतं,
भांड्याच्या काठाला काळी रेघ ओढून बसतं.
आधी त्याला दुखवावं लागतं.

म्हणून बर्फात ठेवलेल्या आम्लात
मी चिमटी चिमटी परमँगनेट सोडते.
काटा वीसच्या वर गेला की
एल्दो मागून म्हणतो, "पारकर, हळू."
बाहेर छेचाळीस. धुळीचं वारं.
आत आमची सगळी काळजी बर्फाची.
हिरवट काळा चिखल होतो,
मग पेरॉक्साइडचे थेंब,
आणि भांडंभर एकदम पिवळं,
हळदीच्या कार्यातली वाटी उपडी व्हावी तसं.
चार वर्षं झाली. अजूनही
त्या क्षणाआधी मी चष्मा पुसते.

मग धुणं.
फिरवायचं, वरचं ओतायचं, पाणी घालायचं,
पुन्हा फिरवायचं. अकरा दिवस.
आम्ल असतं तोवर ते पातळ, पळतं.
आम्ल निघून गेलं की घट्ट होतं, पेजेसारखं,
चमच्याला धरून राहतं.
माणसांचं उलट असतं, असं एल्दोचं मत.
माझं अजून ठरलेलं नाही.

हे धुण्याचं पाणी समुद्राकाठच्या कारखान्यातून येतं.
तिथल्या पाइपांना अब्बा एकोणीस वर्षं जोड देत होते.
कानामागे चपटी पेन्सिल,
जिथं कापायचं तिथं रेघ.
रेघ म्हणजे थरावरून थर निसटणं,
लोखंडावर मागं राहिलेले काही पापुद्रे.
हे त्यांना माहीत नव्हतं.
खेडला दोन महिन्यांच्या सुट्टीत यायचे
तेव्हा मला एवढंच कळायचं
की त्यांच्या बोटांची काळी कड साबणानं जात नाही.

कडेचे कार्बन आधी बोलतात.
मधले सहा-सहाच्या घरांत
एकमेकांना धरून असतात, एकाला दुहेरी धरून.
तिथं काही जोडायचं
तर ती दुसरी पकड सोडवावी लागते,
आणि सुटली की वीज त्या वाटेनं जात नाही.
लेसरखाली दोन शिखरं उमटतात.
डॉक्टर बुदूर पहिल्यावर नख ठेवतात:
"हे दोषाचं."
मग वर बघून, जरा खुशीत:
"छान उंच आलंय."
आमच्या कामात जोडलेलं मोजायचं
तर मोडलेलं मोजतात.

पहिला पडदा दोन दिवस टिकला.
तिसऱ्या दिवशी पाणी पिऊन फुगला,
थर लांब झाले,
मधल्या फटीतून आखाताचं मीठ
सरळ चालत आलं, कुणी न अडवता.
अकरा दिवसांचं धुणं. मी जेवायला गेले नाही.

आता डायअमीन.
दोन टोकांना दोन हात असलेला रेणू,
एक वरच्या थराला, एक खालच्या.
बाटलीचं झाकण उघडलं
आणि एल्दो मास्क चढवून दारापर्यंत गेला.
मला हसू आलं.
हा वास मला पाठ आहे:
हर्णैचा धक्का, टोपल्या उलथल्यावरची दुपार,
मावशीच्या ओढणीला आठवडाभर राहणारा.
इतक्या लांब येऊन, बाटलीमागे शेकडो रियाल मोजून
आम्ही थरांना बांधतोय
तर शिळ्या मासळीच्या वासानं.

पाचवा दिवस. पडदा फुगलेला नाही.
खालच्या नळीत थेंब जमतो, सुटतो, जमतो.
पाटीवर लिहिलंय: नमुने चाखू नयेत.
अरबी, इंग्रजी, उर्दू.
मराठीत नाही,
पण तिन्ही मला वाचता येतात.

म्हणून मीटरच लावते.
आकडा खाली येतो, थरथरतो,
हवा तिथं अजून नाही, पण जवळ.
नोंदवहीत शाईनंच लिहायचा नियम आहे.
मी आधी पेन्सिलीनं लिहिते.